चार दिवस मी दुसऱ्यांच्या हातांनी श्वास घेतला

“मोठा श्वास घ्या आणि एका दमात एक, दोन, तीन असं मोजत जा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी शाळेत शिकवणारी बाई, आकडे म्हणायची सवय होतीच. अठ्ठावीसपर्यंत गेले. त्यांनी केसपेपरवर आकडा लिहिला आणि माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली. तोही हलला नाही. मग त्या माझ्या नवऱ्याकडे, फ्रान्सिसकडे वळल्या. “गियाँ-बारे सिंड्रोम वाटतोय. ॲडमिट करावं लागेल. आत्ताच.”

हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. साधे जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो. शरीर त्या जंतूंशी लढतं आणि लढता लढता चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. ताकद पायांपासून जायला लागते आणि वर चढते. “बहुतेक लोक बरे होतात. पण हे छातीपर्यंत चढलं तर श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून मोजायला लावलं. रोज लावणार.”

जुलाब मला दोन आठवड्यांपूर्वी झाले होते. मग तळपायांना मुंग्या आल्या. शाळेचा जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. रविवारी चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेत गुडघे टेकले आणि उठताच येईना. शेजारच्या बाईंना वाटलं, मी प्रार्थनेत रंगलेय. त्यांनी उलट डोळे मिटून घेतले, मला त्रास नको म्हणून.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ज्यांच्या घरी कोणाला हे नाव ऐकावं लागेल, त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय.

मी मूळची वसईची, लग्नानंतर गोरेगावची. तेव्हा छत्तिसावं चालू होतं. आमच्या चर्चमध्ये एक पुस्तकांचं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. कपाटात संतचरित्रं होती, पण जास्त खप कादंबऱ्यांचा. श्रद्धेने उभ्या राहिलेल्या विधवा, दारू सोडणारे बाप, कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या सिस्टर. या पुस्तकांवर माझा जीव होता. मी त्यांचं शेवटचं प्रकरण आधी वाचायची. शेवट गोड आहे याची खात्री झाली, की मधलं दुःख निवांतपणे वाचता येतं. माणसाने देवावर विश्वास ठेवायचा तो असाच, असं मला खरोखर वाटे.

हॉस्पिटल सरकारी होतं, मोठं. पहिल्या दिवशी लंबर पंक्चर केलं. म्हणजे कुशीवर वळवून, पाठीच्या मणक्यांमधून सुईने थोडं पाणी काढून तपासायचं. भीती वाटते तेवढं दुखत नाही. त्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं निघालं आणि निदान पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी मी एका श्वासात एकोणिसापर्यंत मोजलं. तिसऱ्या दिवशी अकरापर्यंत. चमचा हातातून पडायला लागला होता. फादर येऊन आजाऱ्यांना लावतात ते पवित्र तेल कपाळाला आणि तळहातांना लावून गेले. तेल लागलेलं कळलं, पण मूठ मिटता आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी सातावर थांबले. मॅडमनी केसपेपरवर काही लिहिलं नाही. त्या खाली वाकून म्हणाल्या, “रेजिनाबाई, आता घशातून नळी घालायची. बोलता येणार नाही. हो म्हणायचं असेल तर वर बघा, नाही म्हणायचं असेल तर खाली. कळलं?”

मी वर बघितलं.

नळी घातल्यावर मशीन लावतात. व्हेंटिलेटर, म्हणजे छातीत हवा भरणारं आणि सोडणारं यंत्र. वॉर्डात ते एकच होतं आणि ते शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावलेलं होतं. दुसरीकडून मागवलंय, पण कधी येईल सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तोवर अँबू बॅग. हा नारळाएवढा रबरी फुगा असतो. तो नळीला जोडायचा आणि हाताने दाबायचा. दाबला की पेशंटच्या छातीत हवा जाते, सोडला की बाहेर येते. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा. थांबायचं नाही.

“कोण दाबणार?” फ्रान्सिसने विचारलं.

“तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “नर्स आहेत, पण चाळीस पेशंट आहेत. घरच्यांना शिकवते. आणि लक्षात ठेवा, त्या पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांना सगळं ऐकू येतंय.”

आणि खरंच सगळं ऐकू येत होतं. बोट हलत नव्हतं, पण चादरीची सुरकुती पाठीला टोचत होती. नाकाला खाज सुटली तर ती तशीच सहन करायची. आणि श्वास दुसऱ्याच्या मुठीत.

फ्रान्सिसचा पहिला तास मला आठवतो. घाबरून तो भराभर दाबायचा. माझं डोकं हलकं व्हायचं, ओठांना मुंग्या यायच्या. मी खाली बघायचे, पुन्हा पुन्हा खाली. शेवटी त्याला कळलं. मग तो मनात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला लागला आणि हात ताळ्यावर आला.

दुपारी आमच्या घराशेजारच्या वासंतीवहिनी यायच्या. दादर-गिरगावात वाढलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या उशाशी ठेवलेली कादंबरी उचलली. “टीचर, तुमच्यासाठी वाचते. भाऊजी दाबतील, मी वाचेन, मग बदली.” त्या मोठ्याने वाचायच्या आणि मधेच थांबून मत द्यायच्या. “ही तुमची नायिका मेरी जरा जास्तच सोसते हो. मी असते ना, सासूला दुसऱ्या प्रकरणातच ऐकवलं असतं.”

मला हसायचं होतं. हसायला लागणारा एकही स्नायू शिल्लक नव्हता. पाणी मात्र डोळ्यांतून आलं आणि वहिनींना वाटलं, मेरीसाठी आलं.

त्या फुगा दाबायला बसल्या की मात्र बोलण्याच्या नादात एखादा श्वास विसरायच्या. एवढ्याशा विसरण्याने छातीत काय होतं ते सांगता येणार नाही. तेवढ्यात “अगं बाई!” म्हणून त्या जोरात दाबायच्या. चर्चमधल्या लोकांनी आपसात पाळ्या वाटून घेतल्या होत्या. डोळे मिटलेले असले तरी श्वासावरून कोणाचा हात आहे ते मला ओळखू यायला लागलं होतं.

फुग्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक नवा हात आला.

फ्रान्सिस सकाळपासून दाबत होता, बदलीचा माणूस आला नव्हता. शेजारच्या खाटेजवळ बाकावर बसलेला माणूस उठून आला. पन्नाशीचा, खाकी पँट, शर्टाच्या बाहीला लाकडाचा भुसा. “तुमी जेवान येवा. मी दाबतंय तवसर.”

फ्रान्सिस नको नको म्हणाला. “माका जमताला,” तो म्हणाला. “दोन दिस बगतंय नाय मी?”

त्याचा हात लागला आणि माझ्या छातीतली धास्ती उतरली. इतका सारखा, इतका निवांत श्वास मला आजारी नसतानाही कधी मिळाला नव्हता. एकही मागेपुढे नाही. मी त्या श्वासावर झोपून गेले. कितीतरी दिवसांनी.

त्यांचं नाव राणे. गिरणी बंद पडल्यावर ते गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट उभारणाऱ्या सुतारांच्या हाताखाली लागले होते. रंधा मारायची सवय असलेला हात. येशूही सुतारच होता. देवाने माझ्याकडे एक सुतार पाठवला, हे मी कादंबरीत वाचलं असतं तर पानाचा कोपरा दुमडला असता. तिथे मात्र असलं काही सुचलं नाही. श्वास पुरत होता, तेवढंच कळत होतं.

मशीनवर होती ती त्यांची बायको, सुलोचना. दिंडोशीच्या टेकडीला लागून त्यांचं घर. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली. मण्यार चावलेलं नीट कळतही नाही, सूज नाही, फारशी आग नाही. सकाळी तिच्या पापण्या उचलेनात आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत श्वास थांबत आला होता. माझ्यासारखंच, फक्त तिच्यावर ते काही तासांत आलं.

इथून पुढचं लिहायला मला बरीच वर्षं धीर झाला नाही.

फुग्याच्या तिसऱ्या दिवशी मी थकले होते. दाबणारे थकले होते. फ्रान्सिसच्या तळहाताला फोड आले होते. त्या संध्याकाळी मी प्रार्थना केली, ‘प्रभू, ते मशीन मोकळं होऊ दे.’

शब्द मनात उमटले आणि मग मला कळलं, आपण काय मागितलं. मशीन मोकळं व्हायचं म्हणजे ती बाई जायची. ज्याच्या हाताने मी झोपले, त्याच्या बायकोचा जीव मी देवाकडे मागितला होता. माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकातली बाई असं मागत नाही. मला ते शब्द परत घ्यायचे होते, पण छातीवर क्रूस काढायलाही हात उचलत नव्हता. मी तिच्यासाठी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. ती पहिल्या प्रार्थनेइतकी मनापासून होत नव्हती, हेही मला समजत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या खाटेभोवती गडबड झाली. दोन डॉक्टर, नर्स धावत आल्या. मला मान वळवता येत नव्हती, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरे कोट दिसत होते. आणि मग मशीनचा आवाज थांबला.

तो आवाज चार दिवस सतत कानात होता. तो थांबल्यावर वॉर्ड केवढा शांत झाला! मला वाटलं, मी मारलं तिला. फ्रान्सिस माझा फुगा दाबत होता आणि मला वाटत होतं, त्याने थांबावं.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं. ओला, घोगरा खोकला. मग मॅडमचा आवाज आला, “सुलोचना, डोळे उघड. घे, घे श्वास. स्वतः घे. शाबास!”

ती बरी होत होती. मशीन मोकळं झालं होतं, कारण आता तिला ते लागत नव्हतं.

हा एक रस्ता मला सुचलाच नव्हता. आयुष्यभर गोड शेवट वाचत आलेल्या बाईला तीन दिवसांत एकदाही सुचलं नाही, की मशीन असंही मोकळं होतं! मी मागितलं होतं ते मला मिळालं, आणि मागताना माझ्या मनात जे होतं ते देवाने बाजूला ठेवलं. मी त्या खाटेवर ज्या भीतीने आणि ज्या आनंदाने थरारले, तसं त्याआधी कधी झालं नव्हतं. शरीर मात्र हललं नाही.

अर्ध्या तासात ते मशीन ढकलत माझ्याकडे आणलं.

मशीनवर मी एकोणीस दिवस होते. मधे ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे घशाखाली छोटं भोक पाडून नळी तिथे घालतात. तोंड मोकळं होतं, पेशंटला बरं वाटतं, त्याला घाबरू नका. ताकद आली ती उलट्या क्रमाने, आधी छाती, मग हात, शेवटी पाय. घरी गेले तेव्हा फ्रान्सिस मला उचलून रिक्षात बसवत होता. फिजिओथेरपी, म्हणजे हातापायांना पुन्हा शिकवणं, सात महिने चाललं. हे दुखणं धीराची परीक्षा बघतं. आठवडाभर काही होत नाही, मग एका सकाळी अंगठा हलतो.

काठी घेऊन चालायला लागले तेव्हा आम्ही दिंडोशीला राण्यांच्या घरी गेलो. सुलोचनाने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? चार दिवस आम्ही हाताच्या अंतरावर होतो आणि तिने मला पाहिलंच नव्हतं. तिने चहा ठेवला. मी ठरवूनच गेले होते. चहा यायच्या आत मी राण्यांना सगळं सांगितलं, काय मागितलं होतं ते, त्याच शब्दांत.

राण्यांनी एकदा चुलीकडे, सुलोचनाकडे बघून घेतलं. मग म्हणाले, “बाय, तुमका खरा सांगू? माका भ्या वाटत व्हता. तुमका श्वास पुरलो नाय तर डाक्टर हिचा मशीन काडून तुमका लावतले, असा माज्या डोक्यात इला. म्हणान मी येवन दाबूक बसलंय. तुमका मशीनाची गरजच लागता नये, असा दाबूचा.”

तो सुंदर, सारखा श्वास या भीतीतून आला होता!

सुलोचना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “म्हणजे माज्या मशीनार दोगांचोय डोळो व्हतो तर!” ती म्हणाली, आणि इतकी हसली की कप बशीत वाजायला लागले. मग राणे हसले. मग मी, आणि माझ्या घशावरचा व्रण ताणला गेला.

चर्चच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. त्या कादंबऱ्या मी आजही वाचते आणि आवडीने देते. पण त्यात माणूस शुद्ध मनाने मदतीला येतो तेव्हा मी जरा थांबते. तुमच्या घरी हे दुखणं आलं आणि कोणी फुगा दाबायला पुढे आलं, तर ते का आलंय हे विचारत बसू नका. बाकावर जागा द्या आणि मिनिटाला किती वेळा दाबायचं ते शिकवा. देवाला कोणाचाही हात चालतो.