भावाचा हात थांबला

आमच्या घरात हात थरथर कापण्याचा आजार वडिलांकडून आला. मला चाळिशीत, माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या भावाला पस्तिशीतच. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. ब्युरेटच्या तोटीतून थेंब थेंब सोडायचा तर माझ्या हातून धार लागायची. मुलं हसायची, ते चालून गेलं. मग एकदा प्रॅक्टिकलच्या वेळी बाटलीतलं ॲसिड एका मुलीच्या मनगटावर सांडलं. तिने नळाखाली हात धरला आणि मलाच म्हणाली, "मॅडम, काही नाही झालं." तिच्या मनगटावर डाग राहिला. त्या वर्षी मी नोकरी सोडली.

भाऊ बोरिवलीला राहतो. लग्नकार्यात आम्ही दोघं शेजारी बसायचो. चहा अर्धाच कप घ्यायचा, जेवायला चमचा मागायचा. कुणी बघत राहिलं की तो हळूच म्हणायचा, "ताई, आज तुझा जास्त की माझा?"

गोळ्यांनी फरक पडेनासा झाला तेव्हा त्यानेच नव्या उपचाराची माहिती काढली. डोकं न उघडता बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर सोडतात आणि मेंदूतला थरथर घडवणारा तेवढाच ठिपका उष्णतेने जाळतात. दोघांनी एकाच दिवशी कवटीचा सीटी स्कॅन करून घेतला.

डॉक्टरांनी आधी भावाचा रिपोर्ट पाहिला. "तुमचं होईल." मग माझा.

"मॅडम, तुमच्या कवटीचं हाड लहरी नीट आत जाऊ देणार नाही. पुरेशी उष्णता पोचणारच नाही."

"हाड जाड आहे का?"

"नुसत्या जाडीचा प्रश्न नाही. त्याची घडणच तशी आहे."

दुसरा उपाय होता मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन, पण माझ्या हृदयाच्या आजारामुळे ते त्यांना धोक्याचं वाटलं. म्हणजे संपलंच.

लिफ्टमध्ये भाऊ म्हणाला, "मग मी पण नाही करत."

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. तो अडून बसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बसला नाही.

उपचाराच्या दिवशी त्याचं डोकं पूर्ण भादरलं, धातूची चौकट घट्ट बसवली आणि एमआरआयच्या यंत्रात घेतलं. तो जागाच होता. मधूनमधून कागदावर गोल गोल चक्र काढायला लावायचे. भावजय आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिचा जप चालला होता. शेजारी मीही हात जोडले होते आणि हे जमू नये असं मनात मागत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जमलं. डॉक्टरांनी कागद आणून दाखवला. पहिलं चक्र करवतीच्या दात्यांसारखं, शेवटचं गुळगुळीत. भावाने पाण्याचा भरलेला ग्लास उजव्या हाताने उचलला आणि रडला. काही आठवडे ओठ बधिर होते, चालताना तोल जायचा. तेही गेलं.

पुढे चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. आम्ही शेजारी बसलो. भावजयीने सवयीने दोघांच्या ताटांत चमचे ठेवले. त्याने आपला बाजूला सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत उचलला. माझ्यासाठी तो मुद्दाम चमच्याने जेवू लागला. मला ते सोसवेना. उपास आहे असं सांगून मी उठले. मुलुंडला घरी येऊन दार लावलं आणि सकाळचा गार भात पातेल्यातूनच खाल्ला. निम्मा मांडीवर सांडला.

तो दर रविवारी बोलावतो. मी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. आता मानही हलायला लागली आहे; बघणाऱ्याला वाटतं, मी सारखी नाही म्हणतेय. फोनवर ते दिसत नाही, म्हणून त्याचा फोन तेवढा घेते.