रुस्तुमरावांचा उजवा कान

कुठलीही गाडी गॅरेजात आली की रुस्तुमराव मिस्त्री आधी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारत. हातात लहानशी हातोडी असे. मडगार्ड, दाराची चौकट, खालचे लोखंडी दांडे असं ठिकठिकाणी ते हलकेच वाजवत, उजवा कान तिकडे करत आणि डोळे मिटून घेत. बाजारात बाया माठ घेताना वाजवून बघतात, तसं. गाडीचा मालक तोवर बाजूला गप्प उभा राही. फेरी संपली की ते एक तर "बराबर" म्हणत, नाहीतर "आतून गेलंय" म्हणत. गाडी रस्त्यावर काढायची की नाही, हे बदनापूर-जालना रस्त्यावरचे ट्रकवाले आणि जीपवाले या दोन शब्दांवर ठरवत.

नाव रुस्तुम असलं तरी ते पारशी नव्हते. आमच्या भागात मराठ्यांत हे नाव बरंच सापडतं. वाटूरचं शेतकरी घर. जमीन थोरल्या भावाकडे, आणि हे चौथीतून शाळा सोडून ऑइल इंजिनांच्या मागे लागलेले. पुढे दहा वर्षं जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. मग बदनापूरला स्टेशनाच्या रस्त्यावर त्यांनी पत्र्याचं गॅरेज टाकलं. मी तिथल्या शेतकी केंद्राच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि गॅरेजामागच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. एका संध्याकाळी ते कुठल्याशा पंपाचं इंग्रजी पुस्तक घेऊन दारात आले. म्हणाले, "सर, ह्याच्यातली चित्रं मला समजतात. अक्षरांचं तुम्ही बघा." तेव्हापासून संध्याकाळी मी वाचायचो, मराठीत सांगायचो आणि ते मान हलवत ऐकायचे.

पहिल्या वर्षी मी बोलायच्या आवाजात वाचत असे. पाचव्या वर्षी मी ओरडत होतो. ते माझ्या उजवीकडून उठून डावीकडे, उजवा कान माझ्याकडे करून बसायला लागले. विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसायला लागले. पॅसेंजरची शिट्टी झाली तरी "अजून गाडी कशी आली न्हाई" म्हणायचे. मिलमधल्या खडखडाटाच्या दहा वर्षांनी त्यांचा कान थोडा थोडा करून नेला होता. मला हे दिसत होतं. मी काही बोललो नाही. ज्याची भाकरीच कानावर आहे, त्याला तुमचा कान गेला असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर एक ट्रॅक्टर ट्रॉली गॅरेजासमोर उभी राहिली. ट्रॉलीत एक विलायती गाडी होती. लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी टप असलेली. शर्यतीच्या गाड्यांची चित्रं असतात, तशी. जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी प्रकाशशेठ तिच्यामागून स्कूटरवर आले. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आलेले. वडिलांनी ही गाडी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतली होती. वडील गेल्यावर ती जिनिंगच्या शेडात कापसाच्या गाठींमागे वीस वर्षं पडून होती. सीट उंदरांनी खाल्ली होती आणि पत्र्याखालची लाकडी चौकट वाळवीने.

प्रकाशशेठना ती वर्ष-सव्वा वर्षात चालू हवी होती, कारण पुढच्या वर्षीच्या माघात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्यात लग्नाआधी नवरीची मिरवणूक निघते, तिला ते बिंदोरी म्हणतात. शेठच्या आईने, म्हणजे माँजींनी, हट्ट धरला होता की नातीची बिंदोरी याच गाडीतून निघेल आणि गाडी त्या स्वतः चालवतील. तरुणपणी नवऱ्याने त्यांना बदनापूरच्या रस्त्यावर ती चालवायला शिकवली होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. साठीची ती ठेंगणी बाई ट्रॉलीजवळ उभी राहून गाडीच्या दाराला हात लावत होती आणि मुलाच्या बोलण्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

शेठचं म्हणणं सरळ होतं. गाडीचा खालचा सांगाडा, ज्याला मिस्त्री लोक चासी म्हणतात, तो नवा करा. पत्रा नवा ठोका. जीपचं इंजिन टाका. इंदूरला अशाच एका गाडीचे सुटे भाग मिळतात, ते मी आणून देतो. दिवे, स्टेअरिंग आणि समोरची जाळी तेवढी जुनी ठेवा, बाकी कोण बघायला येतंय?

रुस्तुमराव म्हणाले, "शेठ, नवी बनवायला माझी ना न्हाई. पण मंग ती नवी झाली. माँजींना तसं सांगून टाका, का ही तुमची न्हाई, तिच्यावाणी दिसती. ते तुम्ही सांगणार का मी सांगू?"

शेठने आईकडे पाहिलं. मग रुस्तुमरावांनी हातोडी घेतली आणि फेरी सुरू केली. सगळं चासीवर अवलंबून होतं. ती धड असेल तर जुनीच गाडी जगवता येणार होती. मी जाळीजवळ उभा होतो. डावा दांडा टणकन वाजला. उजव्या दांड्यावर, जिथे स्टेअरिंगची पेटी बसते तिथे, हातोडी पडली आणि बद्द आवाज आला. ओल्या मडक्यासारखा. मी रुस्तुमरावांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कान तिकडे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बराबर. चासी जिती हाय."

मी तिथे होतो, मला ऐकू आलं होतं, आणि मी स्वतःशी म्हणालो की पुस्तकातल्या माणसाला लोखंडातलं काय कळतं. हे म्हणणं मला सोयीचं होतं.

पुढचे चौदा महिने त्यांनी त्या गाडीवर जीव ओतला. काढलेल्या प्रत्येक नटाला चिंधी बांधून खुणेची गाठ मारली. लाकडी चौकट सुताराकडून सागवानात करून घेतली, पण जिथे जुनं लाकूड तग धरून होतं तिथे नुसता जोड दिला. शेठ चिडून म्हणत, एवढ्यात दोन नव्या गाड्या झाल्या असत्या. यांचं उत्तर ठरलेलं, "नवं बनवायला हात लागतो, शेठ. जुनं जगवायला दम लागतो." मी रोज वाचून दाखवत होतो. गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं की या गाडीच्या चासीचे दांडे आतून पोकळ असतात आणि गंज आतूनच लागतो. ते मी दोनदा वाचलं, मोठ्याने. ते म्हणाले, "वाजवून बघितलंय." मी पान उलटलं.

बिंदोरीला तीन दिवस उरले असताना सकाळी ते मला शेजारी बसवून गाडी जालन्याच्या रस्त्याला घेऊन निघाले. लाल रंग नुकता वाळलेला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. इंजिन सुंदर चालत होतं. पण प्रत्येक वळणावर त्यांच्या पायाखालून करकर असा बारीक आवाज येत होता, लाकूड चिरल्यासारखा. पहिल्या वळणावर मला वाटलं भास असेल. दुसऱ्या वळणावर आवाज वाढला. रुस्तुमराव समोर बघत हसत होते. "मख्खन," ते म्हणाले.

मला तीन दिवसांनंतरचं जालना दिसलं. सराफ्याचा उतार, दोन्ही बाजूंनी बायका-पोरं, स्टेअरिंगवर माँजी आणि शेजारी नवरी. आणि वळणावर चाकं न वळता हातातल्या हातात फिरणारं स्टेअरिंग.

मी खुणेने गाडी थांबवायला लावली. समोर चहाचं हॉटेल होतं, बाकड्यांवर पाच-सात माणसं. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, खालून आवाज येतोय. ते म्हणाले, कसला, काही न्हाई. मी पुन्हा म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. बहिऱ्या माणसाला हळू आवाजात काही सांगता येत नाही, आणि जे मला सहा वर्षं कुजबुजतही सांगता आलं नव्हतं, ते मला सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागलं.

"मिस्त्री, उजवा दांडा करकरतोय. तुम्हाला ऐकू येत नाही."

बाकड्यावरचे लोक वळले. रुस्तुमरावांनी गाडी वळवली आणि बैलगाडीच्या वेगाने गॅरेजात आणली. आल्यावर हातोडी माझ्या हातात दिली, स्वतः गाडीखाली पाठीवर सरकले आणि दांड्यावर तळहात ठेवला. मी वाजवत गेलो. डावीकडे त्यांचा चेहरा शांत होता. उजवीकडे, पेटीजवळ, त्यांनी हात काढून घेतला. ड्रिलने तिथे एक भोक पाडलं. लोखंडाचा कीस यायला हवा होता. तांबडी भुकटी आली, आणि येतच राहिली, त्यांच्या छातीवर, मिशांवर.

बाहेर येऊन ते भिंतीला टेकून बसले. मिशा पुसत त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशीच ऐकू आल्तं का तुम्हाला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग चौदा महिने मी कोणाच्या भरवशावर काम करून राह्यलो?"

मी हातोडी त्यांच्या शेजारी ठेवली.

त्याच दुपारी ते जालन्याला गेले. बरोबर चला म्हणाले नाहीत, पण मी मागोमाग गेलो. शेठच्या घरी मांडव पडत होता. रुस्तुमरावांनी पाहुण्यांसमोरच सांगितलं की गाडी निघणार नाही, चासी आतून गेली आहे. प्रकाशशेठ भडकले. मी आधीच बोललो होतो, सुटे भाग आणून नवी करा, तेव्हा तुम्हाला मोठं तत्त्व सुचलं होतं, आता पत्रिकेत छापलंय त्याचं काय करू, असं बरंच काही ते बोलले. रुस्तुमराव ऐकत होते, किंवा त्यांच्या ओठांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "दोष गाडीचा न्हाई, माझ्या कानाचा हाय. मला ऐकू येत न्हाई आता." एवढ्या मोठ्याने म्हणाले की मांडव बांधणारे थांबले.

माँजी पायरीवर बसून हे बघत होत्या. त्यांनी विचारलं, चासी नवी टाकता येईल का. रुस्तुमराव म्हणाले, येईल, पण तीन दिवसांत नाही, आणि मग ही गाडी अर्धी जुनी, अर्धी बनवलेली म्हणायची.

"माझे पण दात नकली आहेत, मिस्त्री," माँजी म्हणाल्या. "जेवते तर मीच ना?"

कुणीतरी हसलं. नातीची बिंदोरी घोडीवरून निघाली. रुस्तुमरावांनी सात महिने लावून चासी बनवली, जुन्या दांड्यांची मापं घेऊन. तिच्यावर जुन्या चासीची नंबराची पट्टी ठोका, म्हणजे गाडीचं मोल राहील, असा शेठने लकडा लावला. यांनी पट्टी जुन्या दांड्यावरच ठेवली आणि तो दांडा गाडीसोबत शेठच्या घरी पाठवला. नात पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा माँजी स्वतः गाडी चालवत तिला घेऊन बदनापूरपर्यंत आल्या. पदर दातात होता.

त्या सात महिन्यांत रुस्तुमराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुस्तक आणलं नाही. मी समोरून गेलो की ते गाडीखाली सरकत. मग एक दिवस ते ग्रंथालयात आले, वाचकांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांच्या त्या बहिऱ्या, भल्यामोठ्या आवाजात म्हणाले, "सर, चष्म्याचं दुकान असतंय, तसं कानाचं कुठं असतंय?" शांतता पाळा अशा पाटीखाली एक म्हातारे शास्त्रज्ञ पोट धरून हसले. आम्ही औरंगाबादला जाऊन कानाचं यंत्र आणलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. "सगळंच ऐकू येतंय," म्हणायचे, "कामाचं सोडून."

त्यानंतर ते गाडी वाजवायचे तेव्हा मालकालाच कान द्यायला लावायचे. "मला कमी येतंय, तुम्ही ऐका, टण म्हणतंय का बद्द?" त्यामुळे गिऱ्हाईक तुटेल असं मला वाटलं होतं. काही तुटलं, बरंच टिकलं. आणि मला एक ताकीद मिळाली. "माझं काय चुकतंय ते तोंडावर बोलायचं, सर. पाठीमागं बोलायला गाव हाय."

गॅरेज पुढे मुलाने, दिगंबरने, घेतलं. दहा-बारा वर्षांनी रुस्तुमरावांचं पोट दुखायला लागलं आणि त्यांना औरंगाबादच्या एका दवाखान्यात ठेवलं. मी गेलो तेव्हा खाटेभोवती घरचे सगळे होते. डॉक्टरांनी दिगंबरला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. आत सगळे त्यांना बारीक गाठ आहे, औषधाने विरघळेल, असं सांगत होते. यंत्र उशाशी पडलं होतं. त्यांना ऐकू जात नाही म्हणून त्यांच्यासमोरच कुजबुज चालली होती, आणि ते एकेकाच्या ओठांकडे बघत होते.

त्यांनी माझं मनगट धरलं. "सर, तुम्ही बोला. काय म्हणतो डॉक्टर?"

दिगंबर त्यांच्यामागे उभा राहून मान हलवत होता, नको, नको. त्यांच्या पत्नीने, गयाबाईंनी, तोंडाला पदर लावला. मी खाली वाकलो, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनीही ऐकलं. आता उपाय नाही, म्हणालो. थोडे दिवस आहेत.

पुन्हा सांगा, असं ते म्हणाले नाहीत. माझं मनगट त्यांनी सोडलं नाही.

"मंग वाटूरला न्या मला," ते म्हणाले. "इथं काहून पडून राहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप केली. वाटूरच्या ओसरीवर ते अकरा दिवस जगले. भेटायला येणाऱ्याला स्वतःच सांगत की आता निघायचं आहे, तुमचं काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या. थोरला भाऊ येऊन दोन तास बसला. प्रकाशशेठ आले, माँजींना घेऊन. त्या अकरा दिवसांत त्या घरात कुणालाही आवाज खाली करून बोलावं लागलं नाही.