गादीची ओली कड

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. उभा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात आया म्हणून गेला, आणि तिथे आयांना सगळे मावशीच म्हणत. ती निवृत्त झाल्यावर नवराही तेच म्हणायला लागला, आधी थट्टेने, मग सवयीने.

वॉर्डात तिची एक रीत होती. सकाळी एखाद्या म्हाताऱ्याची गादी ओली दिसली, की त्यावर बोलायचं नाही. त्याला कुशीवर वळवायचं, चादर ओढून घ्यायची, कोरडी घालायची आणि तेवढा वेळ खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगत राहायचं. नव्या आयांना ती म्हणे, "ओल पुसता येते गं. माणूस ओशाळला की ते पुसता येत नाही."

नवरा बसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी कॅम्पर गाडी घेतली आणि भाड्याच्या खोल्या सोडल्या. गाडीत पलंग होता, शेगडी होती, आणि थंडीसाठी बॉयलर. बॉयलर कूलंट, म्हणजे थंडीत न गोठणारा चिकटसर द्रव, तापवायचा आणि ते गुलाबी कूलंट भिंतीकडेच्या नळ्यांतून गाडीभर फिरून परत यायचं.

"सगळा जन्म गाडीत काढलात, अजून हौस फिटली नाही?" मावशी म्हणाली होती.

"तेव्हा लोकांना नेत होतो. आता तुला नेतो."

"मला कुठे जायचंय?"

पण गेली. आणि तिला आवडलंही, जरी ते तिने कबूल केलं नाही.

त्या वर्षी थंडी आली तेव्हा ते एका तळ्याकाठी, अशाच गाड्यांच्या तळावर होते. शेजारच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. गवतावर त्या उभ्या होत्या तिथले पिवळे चौकोन तेवढे राहिले. अशाच एका सकाळी नवरा तळाच्या न्हाणीघराकडे गेला असताना मावशीने अंथरूण आवरायला घेतलं आणि तिच्या हाताला गादीची कड ओली लागली. त्याच्या बाजूची, भिंतीकडची, झोपल्यावर कंबर येते तिथे.

तिने पुसलं. चादर बदलली. वाळल्यावर तिथे बोटाला चिकट लागलं. असा चिकटपणा तिने वॉर्डात पाहिला होता, साखर वाढलेल्या माणसांच्या चादरींवर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर रोज.

नवरा हल्ली टॉवेलची गुंडाळी काखेत घट्ट धरून न्हाणीघराकडे जायचा आणि तशीच घट्ट धरून परत यायचा. आत ओला पायजमा असणार, हे तिला न पाहता कळलं. बिचारा लपवतोय. तिने चहात साखर कमी केली. मग आणखी कमी केली. दुपारी तो डुलकी घेत असला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. जबडा सैल सुटलेला, तोंड किंचित उघडं. असे चेहरे तिने ओळीने पाहिले होते आणि पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

एकदा तळाच्या फाटकापाशी जाऊन तिने लेकीला फोन केला.

"आई, बाबांना आधी डॉक्टरकडे ने."

"नेईन. आधी घर लागेल गं. गाडीत कसं निभवायचं?"

"मागची खोली मोकळी करते. पण बाबा ऐकतील?"

"मी बघते," मावशी म्हणाली. बघायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. गाडी विकायला सांगायची म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की तो ओशाळणार.

नवराही कसल्या तरी घोरात होता. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचा, कान देऊन काही ऐकायचा. दिवसातून कितीदा तरी गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने हात फिरवायचा.

"काय शोधताय?"

"काही नाही. स्क्रू पडलाय चष्म्याचा."

"चष्मा तर नाकावर आहे."

"म्हणून तर दिसतंय, स्क्रू नाही ते."

मावशी हसली नाही. विसरायलाही लागले, तिच्या मनात आलं.

मग रेडिओने सांगितलं की उद्या रात्री पारा शून्याखाली बराच उतरेल. नवऱ्याने रेडिओ बंद केला आणि बराच वेळ बटणावरचं बोट उचललं नाही. सकाळी पहिल्या बसने तो शहरात निघाला. म्हणाला, चष्म्याच्या दुकानात जातो.

तो गेल्यावर मावशीने गादी पुसली, वाळवली, स्वच्छ चादर घातली. गॅस वाचावा म्हणून बॉयलर बंद केला आणि कपड्यांची बादली घेऊन धुण्याच्या जागी गेली. परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चादर ओढून नीट करायला तिने हात घातला.

कड ओली होती.

क्षणभर तिला वाटलं, मीच. मीच असणार, आणि इतके दिवस त्याच्या नावावर. पण ती तर दिवसभर पलंगाला टेकलीही नव्हती. मग तिने वॉर्डात करायची तेच केलं. जखम कुठून झिरपते ते कळत नसेल तर पांढरं फडकं घडी करून ठेवायचं आणि वाट बघायची. फडकं गादी आणि भिंतीच्या फटीत सरकवून ती समोर बसली. गाडी थंड होत गेली. तिने फडकं काढलं तेव्हा त्यावर फिकट, जेमतेम दिसेल असा गुलाबी डाग होता.

फटीत हात घालून ती नळीवरून बोटं फिरवत गेली. जिथे रबरी नळी लोखंडी नळीला जोडली होती, तिथे एक थेंब लोंबत होता.

नवरा परतला तेव्हा त्याच्या हातात चष्म्याचं काही नव्हतं. कूलंटचा डबा होता. मावशीने त्याच्यासमोर फडकं धरलं.

"तुमची बॉयलरची नळी गळतेय. इथे, पलंगामागे."

तो गुडघ्यांवर बसून फटीत वाकला. "इथे? इथे मी रोज हात फिरवतो. रोज कोरडं."

"मी रोज पुसते."

"का?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, तुमचं आहे."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"आणि तो टॉवेल?" तिने विचारलं.

"बाटली होती त्यात. पाण्याची. टाकीतलं कूलंट रोज उतरत होतं, वर साधं पाणी ओतत होतो. तुला कळलं असतं तर म्हणाली असतीस, या पत्र्याच्या डब्यात मला आणलंत कशाला."

"म्हणाले असते," मावशी म्हणाली. "म्हणून रंग दिसला नाही मला. पाणी पाणी करून ठेवलंत सगळं."

"ते पाणी आज रात्री गोठलं असतं तर नळ्या फुटल्या असत्या. नंतर बोल हवं तेवढं. आधी बॅटरी धर."

अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. त्याने फळी काढली. रबराचं टोक कडक होऊन चिरलं होतं आणि त्यावर आवळलेल्या लोखंडी पट्टीची पकड सैल झाली होती. बॉयलर बंद होऊन गार पडलं की रबर आकसायचं आणि थेंब सुटायचा. त्याने फिकट झालेलं सगळं कूलंट बादलीत सोडलं, चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा चढवली, नवी पट्टी आवळली. मावशीने बॅटरीचा उजेड जोडावर धरला होता. नवं कूलंट भरून त्याने हवा काढली. नळ्यांत बराच वेळ गुडगुडलं, थांबलं, परत गुडगुडलं. मग भिंतीकडेने ऊब सरकत आली.

मावशीने जोडाखाली कोरडं फडकं ठेवलं. रात्री पुन्हा पुन्हा उठून तिने ते चाचपलं. तो जागाच होता, पण त्याने विचारलं नाही.

सकाळी काचेवर बर्फाची जाळी होती आणि फडकं कोरडं. मावशीने चहा केला. त्याने घोट घेतला, कपात बघितलं.

"मावशी, उद्या खरंच माझं तसं झालं, तर सांगशील मला?"

"नाही."

"मग?"

"पुसेन."

"आणि मला कळणार कसं?"

मावशीने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"चहा अगोड लागला की समजा," ती म्हणाली, आणि मागची खोली राहू दे, असं लेकीला फोनवर सांगायला फाटकाकडे गेली.