वास आला म्हणून लिहिलं

पडद्यावर माझे बाबा होते. डोळ्यांवर काळी पट्टी. भादरलेलं डोकं, शिवलेली जखम आणि डाव्या कानाची फाटकी पाळी. पाळीवरून ओळखलं मी.

चंद्रपुरातलं थंडगार सभागृह. मेंदूचे मोठे सर्जन बोलत होते. इकडच्या लोकांची दारू आणि डोक्याच्या जखमा यांवरच्या संशोधनाबद्दल त्यांचा सत्कार होता. त्यांच्या पाहणीसाठी गावोगाव फिरून माहिती आणणारी मी, शेवटच्या रांगेत.

सर म्हणाले, "हा आपला नेहमीचा पेशंट. मोहाची प्यायची, झाडावर चढायचं, पडायचं आणि मग माझ्याकडे यायचं."

सभागृह हसलं. शेजारची डॉक्टरीण माझ्याकडे बघून हसली. मीही हसेन असं वाटलं असेल तिला.

बाबा चिंचा झोडायला चढले होते. आमचं गाव आरमोरीकडचं. मी तेव्हा बारावीत. विहारात पंचशील घेतल्यापासून बाबांनी दारूला हात लावला नव्हता. फांदी मोडली, डोकं दगडावर आपटलं. रक्त थांबेना. शेजारच्या काकूने तिच्या घरातली मोहाच्या दारूची बाटली आणली आणि जखमेवर ओतली. आमच्याकडे असंच करतात. मोहाने जखम धुतली जाते, असं जुनी माणसं सांगतात.

तालुक्याच्या दवाखान्यात सदऱ्याला दारूचा वास आला. तिथला डॉक्टर म्हणाला, "उतरू दे याची. सकाळी पाहू."

आई ओरडली, "साहेब, माहा माणूस पेत नाई जी!"

"सगळ्या बायका हेच सांगतात."

बाबा रात्रभर व्हरांड्यात पडून राहिले. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला नेलं, तिथे सरांनी ऑपरेशन केलं. जीव वाचला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तरी सरांचे उपकार आम्ही मानले. आमच्या घरातली पहिली पदवी मी मिळवली आणि त्या उपकारापोटीच सरांच्या कामाला लागले.

चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, तो पेशंट माझे बाबा आहेत. ते पीत नव्हते."

"अगं, कपड्यांना वास होता. तशी नोंद आहे."

जखमेवर ओतलेल्या दारूचं मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "सर, रक्त तपासलं होतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू बीए ना? मराठी घेऊन?" बाजूचे दोघे हसले. "माझा शोधनिबंध देशभर वाचतात. बापावरच्या मायेनं संशोधन होत नसतं."

म्हणजे तपासलं नव्हतं.

तेव्हापासून मला काहीच सरळ दिसत नाही. त्या निबंधातल्या किती दारुड्यांच्या डोक्यावर कुणा काकूने बाटली ओतली होती? सरांनी लिहिलं. दुसऱ्यांनी सरांचा आधार घेतला, तिसऱ्यांनी त्या दुसऱ्यांचा. आधी तो तालुक्यातल्या एका डॉक्टरचा समज होता. सरांनी त्याचं शास्त्र केलं.

आणि ते शास्त्र फिरून आमच्याच तालुक्यात आलं. धानकापणीत एक माणूस बैलबंडीवरून डोक्यावर पडला. पाहणीच्या कामाने मी दवाखान्यातच होते. नव्या पोरसवदा डॉक्टरने नाक मुरडलं. "इकडच्या लोकांवर अभ्यास झालाय ताई. आधी उतरू द्या."

त्या माणसाची बायको माझ्याकडे वळली. "बाई, तुमीच सांगा ना यायले. म्या जखमेवर दारू टाकली जी."

आई आठवली मला. आईचं कुणी ऐकलं नव्हतं.

मी दारात उभी राहिले. "गाडी आत्ता बोलवा. नाहीतर बोलवणार नाही असं लिहून सही द्या."

"तुम्ही कोण?"

"तुम्ही वाचून आलात ना, त्या अभ्यासातल्या दारुड्याची पोरगी."

गाडी आली. माणूस वेळेत चंद्रपूरला पोचला. तो प्यायला होता की नव्हता, मी विचारलं नाही. प्यायलेल्याचंही डोकं फुटतंच. हे कळायला मला माझाच बाप पडद्यावर बघावा लागला.

सरांची नोकरी मी सोडली. त्यांची नवी पाहणी आता सुरू होते आहे. गावं सरांना ओळखत नाहीत, मला ओळखतात. सरांच्या आधी मी पोचते आहे, घरोघर. एकच सांगते. आपल्याबद्दल काय लिहिलं ते वाचून दाखवल्याशिवाय सही देऊ नका, अंगठा देऊ नका. काय तपासलं ते विचारा. उत्तर नसेल तर दार लावून घ्या.