अक्का झोपेत गेली, असं मी सांगितलं

"बाबा, आत्या उठत न्हाई," असं लेकीनं येऊन सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होतो. अक्का, माझी थोरली बहीण, लेकीच्या बाळंतपणासाठी टेंभुर्णीहून मुद्दाम बदनापूरला आली होती. आमच्या घराण्यातली निम्मी बाळंतपणं तिच्याच हातची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, बाळाला तेल लावता लावता आम्हा सगळ्यांच्या नकला... मात्र खिडकीचं एक दार ती कायम उघडं ठेवायची.

आदल्या संध्याकाळी गारठा वाढला होता. सकाळी लेकीच्या सासूबाई येणार होत्या. बाळंतिणीला वारा लागतो, असं त्या म्हणाल्या तर, या धास्तीनं मी खिडकी लावली आणि फटीत टॉवेल कोंबला. अक्का म्हणाली, "राहू दे रे जराशी उघडी. डोकं जड झालंय माझं."

"ते लहानपणापासूनच जड हाय," मी म्हणालो. ती हसली. धूर कुठेच नव्हता, मग भीती कसली, असं मला वाटलं. पुढे बाळ किरकिरायला लागलं म्हणून बायकोनं मायलेकरांना आमच्या खोलीत आणलं. अक्का शेगडीपाशीच निजली.

डॉक्टरांनी ती बंद खोली पाहिली. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, धूर नसला तरी तो असतो आणि आधी डोकंच जड होतं, असं ते म्हणाले. लोकांना मात्र मी हार्ट अटॅक सांगितला. तेरवीला बायका म्हणत होत्या, भाग्याची बाई, झोपेत गेली. मी मान हलवत राहिलो...

मागच्या आठवड्यात अक्काच्या मुलाचा, विश्वासचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती. "मायसारखंच करून राह्यलो, मामा. शेगडी ठेवली. थंडी लई, म्हणून खिडक्या बराबर लावल्यात."

"आधी बाळाला आन् तिच्या आईला बाहेर घे," मी म्हणालो.  पलीकडे कड्या निघाल्याचे आवाज आले, बाळाचं रडणं आलं. तो परत फोनवर आला, तेव्हा मी सगळं सांगितलं.

"मला एकट्याला सांगून भागत न्हाई, मामा. तेरवीला आल्ते, त्या समद्यांना सांगा."

त्या सगळ्यांच्या घरी थंडीत शेगडी पेटते. म्हणून आता सगळ्यांना सांगतोय, ती अंगणातच पेटवा, निखारे बंद खोलीत नेऊ नका. आणि अक्का नुसती झोपेत गेली नाही. तिनं खिडकी उघडी ठेव म्हटलं होतं. मी हसण्यावारी नेलं.