उसन्या मुली आणि दिपोटीसाहेब

आमच्या देवासात तेव्हा दोन राजे होते. एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा; पाती म्हणजे भावांतली वाटणी. मधून रस्ता. रस्त्याच्या अलीकडे आमचं, थोरल्या पातीचं राज्य, पलीकडे त्यांचं. कचेऱ्या वेगळ्या, शिपाई वेगळे. विहिरीवर मात्र बायका एकत्रच भांडत. बाहेरचे लोक हे ऐकून हसतात. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे.

मुलींची शाळा फक्त आमच्या बाजूला होती. गावच्या चार गृहस्थांनी काढलेली आणि दरबारच्या ग्रांटवर चालणारी. शाळा तपासायला वर्षातून एकदा दिपोटीसाहेब येत. मुली पुरेशा दिसल्या आणि परीक्षेत उतरल्या, तरच ते ग्रांटसाठी लिहीत. त्या वर्षी लग्नसराईनं शाळा ओस पाडली होती. माझ्या बरोबरीच्या मुली कोणी इंदूरला, कोणी धारला नांदायला गेल्या.

माझंही स्थळ आलं होतं, उज्जैनचं. मी तिसरीत होते आणि मला चौथी करायची होती. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते कचेरीत कारकून. ते म्हणाले, "शाळा आहे तोवर जा. कुलूप लागलं की मी उज्जैनला होकार लिहितो." नाना बोलत तसं करीत, म्हणून मला धास्ती होती.

धास्ती आमच्या बाईंनाही होती. विधवा बाई, पुण्याकडून एकट्या आलेल्या. शाळा हेच त्यांचं घर. आमच्यात कार्य निघालं की पाट, समया, ताटं शेजारून उसनी आणायची रीत आहे. बाईंनी मुली आणल्या. सकाळी उठून घरोघर फिरल्या आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस तुमची मुलगी द्या हो, दुपारी परत आणून घालते." घाईत त्या रस्ता ओलांडून पलीकडेही गेल्या. उसनं आणताना राज्य कोण बघतो?

शाळेत नुसता गोंधळ! सारवलेली जमीन ओली, रांगोळी कुणाच्या तरी पायाखाली आलेली, बाई एकीची वेणी घालताहेत आणि दुसरीला पाढे विचारताहेत. पलीकडच्या सोनाराची मुलगी माझ्याशेजारी बसली. तिच्या पायांत तोडे होते आणि ती सारखी पाय हलवीत होती. मी म्हटलं, "गप बस गं, लग्नाला आलीस का?" ती म्हणाली, "भूख लागी म्हने. लाडू कद मिलेगा?" बाईंनी लाडू कबूल केले होते हे तेव्हा मला कळलं. आम्हां रोजच्यांना कधी बोरसुद्धा दिलं नव्हतं.

टांगा वाजला. दिपोटीसाहेब आत आले. लाल पगडी, हातात छडी, कपाळाला आठ्या. भरलेली शाळा पाहून आठ्या थोड्या सैल झाल्या. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. साहेबांनी सोप्यातला सोपा प्रश्न काढला आणि छडी नेमकी सोनाराच्या मुलीकडे केली.

"आपले महाराज कोण?"

ती ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं. धाकट्या पातीच्या महाराजांचं.

बाईंनी भिंत धरली. मी तिला चिमटा काढला. ती माझ्यावरच उखडली, "कंई हुयो? म्हारा राजा को नाम तो लियो!"

साहेबांना सारं कळलं. त्यांनी हजेरीपट मागवला आणि पलीकडच्या, उसन्या मुली एकेक उठवून बाहेर ओट्यावर बसवल्या. आत आम्ही मूठभर उरलो. साहेब म्हणाले, "बाई, आता ज्या तुमच्या, त्यांचीच परीक्षा. साऱ्या उतरल्या तर मी लिहीन. एक जरी राहिली, तर ग्रांट बंद."

पहिलीतल्या चिमुरडीनं बाराखडी एका दमात म्हटली, शेवटी श्वास संपून लालबुंद झाली. उतरली! जोशांची मुलगी वजाबाकीत हातचा विसरली, मग स्वतःच पाटी पुसून तिनं गणित पुन्हा केलं. उतरली! ओट्यावरच्या मुली खिडकीच्या गजांना लोंबकळून प्रत्येकीला शाबासकी देत होत्या. शेवटी राहिले मी.

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवली. "धाकटी पाती कुठं आहे, दाखव."

आमचा नकाशा आमच्या दरबारनं काढलेला. आमची गावं तांबड्या रंगात, इथं एक तिथं एक. बाकी सगळं कोरं. ग्वाल्हेरचं कोरं, इंदूरचं कोरं, त्यांचंही कोरं. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथं नाही, साहेब," मी म्हटलं. "ओट्यावर बसलीय."

बाईंनी डोळे मिटले.

"नकाशात का नाही?"

"आपल्या दरबारनं काढलाय ना. त्यांचं कशाला दाखवतील?"

साहेब आधी खोकले. मग पगडी हलेपर्यंत हसले. म्हणाले, "बाई, हिला भूगोल येतो. ग्रांटचं मी लिहितो. आणि त्या पोरींना लाडू द्या, उद्यापासून रोज बसवा. शिकायला रस्ता ओलांडला तर कुणाचं राज्य बुडत नाही. मात्र परीक्षेला आपल्या म्हणून मांडू नका."

मी लाडवासाठीसुद्धा थांबले नाही. परकर वर धरून धावत सुटले. नाना ओसरीवर बसले होते, बोरू दौतीत बुडवलेला.

"कुलूप?" त्यांनी विचारलं.

"नाही!"

"मग उज्जैनला काय लिहू?"

"लिहा," मी धापा टाकत म्हटलं, "मुलगी चौथीत बसणार आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग तसंच लिहिलं.