डाख दिलेला प्रोसेसर

भिंगकाकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी इतका काळ काढला, की गल्लीने त्यांचं नावच तसं पाडलं. पुढे लोक वेळ बघायला फोन काढू लागले, दुकान बंद झालं आणि काका घरी बसले. बसले म्हणजे नावालाच. हात सतत शिवशिवायचे. मिक्सर, इस्त्री, दाराची कडी, जिथे स्क्रू तिथे काका.

"चालती वस्तू आधी बिघडवायची आणि मग दुरुस्त करायची, हा यांचा नवा धंदा," काकू म्हणायच्या.

सुनेच्या लॅपटॉपला मात्र त्यांनी अजून हात लावला नव्हता. सून घरांचे नकाशे काढायची. हल्ली तो लॅपटॉप इतका रेंगाळायचा, की मोठा नकाशा उघडायला लावून ती वेणी घालून यायची, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं.

"प्रोसेसर जुना झालाय, बाबा," ती एकदा म्हणाली. "त्याचं डोकंच मंद चालतंय."

"मग डोकं बदलू या."

"असं घरी बदलता येतं?"

"आपल्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरचा मीच बदलला होता. खटका उचलायचा, जुना काढायचा, नवा ठेवायचा. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी काका जुन्या बाजारातून काळजीने कापसात गुंडाळून एक चौकोनी प्रोसेसर घेऊन आले. सुनेने आधी सगळे नकाशे दुसरीकडे उतरवून घेतले. सासऱ्यांवर तिचा विश्वास होता, पण डोळे मिटून नव्हता.

काकांनी टेबलावर पांढरा कपडा अंथरला. मागचे स्क्रू काढून ओळीने मांडले, बॅटरीची वायर सोडवली, पंखा आणि तांब्याची नळी अलगद उचलली. खाली प्रोसेसर दिसला. काकांनी खटका शोधला. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, भिंग लावून पाहिलं. खटका नव्हताच. प्रोसेसर बोर्डात रुतून बसला होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," काका म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

शेवटी उघडाच लॅपटॉप डब्यात घालून दोघं कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी बोर्ड दिव्याखाली धरला.

"काका, हा नुसता बसवलेला नाही, डाख दिलेला आहे, सोल्डर केलेला. खाली डाखेचे शेकडो बारीक मणी आहेत. पूर्वीच्या काही जाड लॅपटॉपमध्ये खाच असायची, त्यात तुमचं चाललं असतं. आता बहुतेकांत तो असाच चिकटवून टाकतात. मोठ्या यंत्राने उपटता येईल, पण दुसरा बसवला तरी बोर्ड त्याला ओळखेलच असं नाही. त्यापेक्षा नवा लॅपटॉप बरा."

आपल्याला उघडता येतं पण बदलता येत नाही, हे काकांच्या पचनी पडेना.

"पण डोकं मंद आहे कुणी सांगितलं?" बाई पुढे म्हणाल्या. "पंख्यात धुळीची गादी झालीय. प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत झालीय. बिचारा तापून हळू चालतोय. आणि इथे मेमरीची एक जागा रिकामी आहे."

बाईंनी काढून दिलेली मेमरी मात्र काकांनी तिथेच स्वतः बसवली. पंखा ब्रशने साफ केला, नवी पेस्ट लावली. लॅपटॉप चालू झाला, आणि सुनेने तोच मोठा नकाशा उघडायला लावला. वेणीला हात घालायच्या आत तो समोर आला.

"बाबा, डोकं तर ठीकच होतं की," सून हसून म्हणाली.

बाई मात्र स्क्रूंकडे बघत होत्या. "हे सगळं तुम्हीच उघडलंत? एक स्क्रू झिजला नाही, एक कड तुटली नाही. माझ्याकडे लोक सुरीने उघडून आणतात. आठवड्यातून दोन दिवस याल का? माझ्याच्याने आता बारीक काम होत नाही."

काकांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि घरी पोहोचायच्या आत सुनेलाच फोन करायला लावून होकार कळवला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा पंखे साफ केले. काकूंनी विचारलं, "कंटाळा नाही आला?"

"कसला कंटाळा," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत घड्याळात एवढा कचरा पाहिला नव्हता."